तीन बीप

डेल्बर्ट उन्रूला बारीक आवाज ऐकू येत नाहीत, ही गोष्ट त्याने अकरा वर्षं गुपित म्हणून सांभाळली होती. गावात ती कोणाला माहीत नव्हती अशातला भाग नाही. पण ज्याचं त्याला ते गुपित वाटतंय तर आपण कशाला मोडता घालायचा, अशा समजुतीने लोक गप्प होते. कॅन्ससमधली माणसं एवढी सभ्य असतातच.

माणसांचं बोलणं त्याला नीट कळायचं. ट्रॅक्टर, ढगांचा गडगडाट, रविवारचं प्रवचन, सगळं यायचं. सहकारी सोसायटीच्या धान्यकोठारात वाळवणीच्या पंख्यांशेजारी एक्केचाळीस वर्षं काढल्यावर वरच्या पट्टीतले चिवचिवाटी आवाज तेवढे गेले होते. मायक्रोवेव्ह वाजला की तो बसून राहायचा. त्याची बायको आर्डिथ एकदा तीन आठवडे नेब्रास्काला बहिणीकडे गेली होती. परत आली तेव्हा छताला लावलेला धुराचा भोंगा बॅटरी संपत आली म्हणून मिनिटामिनिटाला किरकिरत होता आणि त्याच्या बरोब्बर खाली डेल्बर्ट शांतपणे पेपर वाचत होता. कान दाखवून घे, असं ती म्हणाली. मला सगळं ऐकू येतं, असं तो म्हणाला. तिने खुर्चीवर चढून बॅटरी बदलली.

आता निवृत्त माणसाला भोंगा ऐकू आला नाही म्हणून काही कोणाचं अडत नाही. पण डेल्बर्ट रॉकेटं उडवायचा.

बाटलीत उभी करून उडवायची दिवाळीतली रॉकेटं नव्हेत. गॅरेजमध्ये दोन हिवाळे खपून त्याने बांधलेलं हे रॉकेट अकरा फूट उंच होतं, वजनाला अठ्ठेचाळीस पौंड, आणि वर जायचं होतं ते दोन मैलांच्या आसपास. काचतंतूंच्या कापडावर चिकट राळ फासून ते केलं होतं. राळेचा वास घरात येत होता आणि आर्डिथची गाडी दोन्ही हिवाळे बाहेर बर्फात उभी होती. रंग पिवळा होता, कारण शाळेच्या बसचा उरलेला रंग स्वस्तात मिळाला होता. त्याने रॉकेटला नाव ठेवलं नव्हतं. नावं ठेवायला रॉकेटं उडवणाऱ्यांच्या मंडळातले लोक होते.

मंडळात चाळीस माणसं होती आणि त्यांतल्या सहाजणांकडे तिसऱ्या पायरीचा दाखला होता. पहिल्या दोन पायऱ्या माणूस हौसेहौसेत चढून जातो. तिसरीसाठी मात्र रॉकेट स्वतःच्या हाताने बांधावं लागतं, त्याच्या प्रत्येक स्क्रूची यादी करावी लागते, आणि ते वर जाऊन, दोन्ही पॅराशूटं आपापल्या जागी उघडून, धड अवस्थेत परत आणून परीक्षकाच्या पायाशी ठेवावं लागतं. मग परीक्षक सही करतो. डेल्बर्ट सदुसष्ट वर्षांचा होता आणि त्याला त्या सहीपलीकडे आयुष्याकडून फारसं काही नको होतं.

परीक्षक होता हार्लन स्टकी. गारपिटीने झोपलेल्या पिकाची पाहणी करून विम्याचे पैसे द्यायचे की नाही हे ठरवण्यात त्याची सगळी नोकरी गेली होती. तो गव्हाची एक ओंबी चोळून बघायचा आणि शेतकऱ्याला म्हणायचा, "ही गार नव्हे, ही तुझी गाय." त्याच्याशी कोणी वाद घालत नसे.

दोन वर्षांपूर्वी डेल्बर्टने पहिला प्रयत्न केला होता. ते रॉकेटही सुंदर वर गेलं. मग सुंदरपणे वळलं आणि पॅराशूट वगैरे कसलाही विचार न करता नाकासमोर खाली यायला लागलं. असं झालं की ध्वनिक्षेपकावरचा माणूस ओरडतो, आणि मैदानातल्या प्रत्येकाने उठून उभं राहायचं आणि रॉकेटकडे बोट दाखवायचं, असा रिवाज आहे; म्हणजे ज्याला दिसलं नाही त्यालाही दिसतं. सगळे उठले. चाळीस बोटं आभाळाकडे गेली, मग हळूहळू खाली उतरत उतरत एका घडीच्या खुर्चीकडे वळली. खुर्चीत आर्डिथ बसून क्रोशाने विणत होती. धप्प आवाज झाला, माती उडाली, रॉकेट साडेचार फूट जमिनीत गेलं. आर्डिथने वर बघितलं.

"टाके मोजत होते मी," ती म्हणाली. "चुकले ना."

बॅटरी निसटली असणार, असं डेल्बर्टने सगळ्यांना सांगितलं. पाचजणांनी फावड्यांनी ते उकरून काढलं. शेताच्या मालकाने खड्डा बुजवून घ्या म्हणून सांगितलं, तो बुजवला. तुकडे शोधायचं निमित्त करून डेल्बर्टने खड्ड्यापासून खुर्चीपर्यंत पावलं मोजली. चौदा भरली. हा आकडा त्याने कोणाला सांगितला नाही, पण त्यानंतर कित्येक रात्री त्याला झोप लागली नाही.

कारण बॅटरी निसटली नव्हती. रॉकेटच्या पोटात काडेपेटीएवढे दोन उंचीमापक असतात. रॉकेट शिखरावर पोचलं की ते चिमूटभर बंदुकीची दारू उडवून रॉकेटचे दोन तुकडे करतात आणि लहान पॅराशूट बाहेर काढतात. मग जमीन आठशे फुटांवर आली की दुसरी चिमूट उडवून मोठं पॅराशूट. एक रुसला तर दुसरा असावा म्हणून दोन. रॉकेट उभं केल्यावर शिडीवर चढायचं, भोकातून स्क्रूड्रायव्हर घालून एकेकाचं बटण फिरवायचं आणि ऐकायचं. तीन बीप वाजल्या की दोन्ही दारूच्या वायरी जागेवर आहेत. दोन वाजल्या की शिखरावरची वायर लागलेली नाही. एक वाजली की मोठ्या पॅराशूटची नाही. काहीच वाजलं नाही तर उंचीमापक बंद आहे, आणि तुम्ही साडेचार फूट खड्ड्याची तयारी करावी.

त्या दिवशी काहीच वाजलं नव्हतं. डेल्बर्टला नेहमीसारखंच वाटलं होतं.

एरवी त्याचं निभावायचं ते लव्हर्नमुळे. लव्हर्न हा त्याचा जुना दोस्त शिडी धरायला यायचा आणि बीप वाजल्या की नकळत हनुवटी हलवायचा. डेल्बर्ट वरून त्याची हनुवटी मोजायचा आणि "तीन" म्हणायचा. त्या दिवशी लव्हर्नची गाय अडली होती आणि डेल्बर्ट एकटाच गेला होता. पुढे मंडळाने नियम केला की तिसऱ्या पायरीला उड्डाणाच्या पॅडवर दोन माणसं पाहिजेतच. डेल्बर्टने त्या नियमाच्या बाजूने हात वर केला होता.

आणि आज, ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी, लव्हर्नची कंबर धरली.

हे सकाळी फोनवर कळलं तेव्हा आर्डिथ थर्मासमध्ये राजमा-खिम्याची चिली भरत होती. दालचिनीचे रोल आधीच डब्यात गेले होते. शिडी धरायला मंडळातलं कोणीही मिळेल, असं तिने सुचवलं. डेल्बर्ट म्हणाला की कोणीही नको. कोणाची हनुवटी कशी हलते याचा काय भरवसा, हे त्याने मनात ठेवलं. मग मीच धरते, असं आर्डिथ म्हणाली, आणि यावर नाही म्हणायला त्याला कारण सापडेना.

अडचण अशी होती की आर्डिथची हनुवटी हलत नसे. अडतीस वर्षं ती चर्चमध्ये ऑर्गन वाजवत होती. पाद्रीबाबा कितीही लांबले तरी मनातल्या मनात मात्रा मोजून ती बरोबर जागी सूर धरायची, आणि तोवर तिच्या चेहऱ्यावरची रेष हलायची नाही.

पॅडवर ते पोचले तेव्हा पाऊण वाजला होता. विमानखात्याने दिलेली आभाळाची परवानगी चारपर्यंत होती. गव्हाचं शेत कापून मोकळं झालं होतं आणि पाचशे फुटांवर गाड्या, छत्र्या आणि खुर्च्यांची रांग होती. हार्लन गुडघ्याचं ऑपरेशन झालेला पाय एका बादलीवर ठेवून, दुर्बीण लावून बसला होता. डेल्बर्ट शिडीवर चढला. त्याने पहिलं बटण फिरवलं, सवयीने खाली आर्डिथच्या तोंडाकडे बघितलं, तिथे काही मिळालं नाही म्हणून मनात तीस आकडे मोजले आणि म्हणाला, "तीन."

त्याने तपासणीच्या यादीवर तीन लिहिलं. मग दुसरं बटण फिरवलं, पुन्हा तीस मोजले.

"तीन," तो म्हणाला.

"दोन," आर्डिथ म्हणाली.

"दोन्ही एकदम वाजतायत ना, त्यात मिसळलं असेल."

"काही मिसळलं नाही. एकाचा सूर खाली आहे, एकाचा वर. खालचा तीन वाजवतोय, वरचा दोन. मी दोन हातांनी दोन वेगळ्या गोष्टी वाजवते, डेल्बर्ट, आणि पायांनी तिसरी. मला नको शिकवू."

डेल्बर्टने जरा विचार केला. एक चालू आहे तेवढं पुरे आहे, दोन लावतात ते म्हणूनच, असं त्याने तिला समजावून सांगितलं. ते खोटं नव्हतं.

"मग तसं लिही कागदावर."

"कागदावर तीन लिहायचं असतं."

"लिही की मग. मी शिडी धरायला आलेय."

यावर भांडता येत नाही. डेल्बर्ट पेन्सिल हातात धरून शिडीवर उभा राहिला. दोन लिहिलं तर रॉकेट उतरवायचं, पोट उघडायचं, आणि हार्लन विचारणार की तीन म्हणत होतास ते कशावरून. बहिऱ्या माणसाला एवढं मोठं रॉकेट उडवू द्यायचं का, हाही प्रश्न त्यातूनच निघणार, आणि हार्लनच्या हातून निघालेला प्रश्न उत्तर घेतल्याशिवाय परत जात नाही. झाकली मूठ सवा लाखाची म्हणतात. त्याने रांगेकडे बघितलं. आर्डिथची हिरव्या पट्ट्यांची खुर्ची लांबूनही ओळखू येत होती. ती पॅडवर असल्यामुळे खुर्ची रिकामी असायला हवी होती, पण कोणाची तरी म्हातारी आई सावली बघून तिच्यात येऊन बसली होती आणि रोल खात होती. आर्डिथच्या डब्यातलाच असावा.

त्याने दोन लिहिलं.

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. तोंड रॉकेटकडे होतं, त्यामुळे ते त्याने रॉकेटलाच सांगितल्यासारखं झालं.

"माहीत आहे."

"एकही बीप नाही. कधीच ऐकली नाही."

"माहीत आहे रे. आता दोन्ही बटणं बंद कर आणि खाली ये, शिडी हलतेय."

रॉकेट टेबलावर आलं. हार्लनच्या देखत डेल्बर्टने पोट उघडलं. स्क्रू घट्ट होता, इतका घट्ट की हार्लनने कौतुकाने मान हलवली. फक्त त्याच्याखाली वायर नव्हती. ती बाजूला दुमडून बसली होती. दोन हिवाळे राळेत हात घालून बसलेल्या माणसाने स्क्रू आवळला होता, आणि कशावर आवळला ते बघायचं राहिलं होतं.

डेल्बर्टने वायर लावली, आणि लावता लावता सगळं सांगून टाकलं. कान, पंखे, लव्हर्नची हनुवटी. आपली हनुवटी हलते हे लव्हर्नला आजतागायत माहीत नाही, असंही सांगितलं. मग थांबून म्हणाला, "त्या वेळची बॅटरीही निसटली नव्हती. दोन्ही बटणं लागलीच नव्हती."

"ठाऊक आहे मला," हार्लन म्हणाला. "उकरलं तेव्हा मी बघितलं. दोन्ही बटणं बंद होती, आणि बॅटरी साडेचार फूट जमिनीत जाऊनसुद्धा जागेवर होती. चांगली बांधली होतीस."

"मग बोलला का नाहीस?"

"तू कुठे दावा केलास? दावा आला नाही तर मी पाहणीचा अहवाल देत नाही."

दोन वर्षं हा माणूस दर रविवारी चर्चमध्ये डेल्बर्टच्या पुढच्या बाकावर बसत होता. डेल्बर्टला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. मग त्याने एकदाचं विचारलं, की आता दाखल्याचं काय.

हार्लनने पाय बादलीवर नीट ठेवला. "हे रॉकेट तू चष्मा लावून बांधलंस. चष्मा काही तू बनवला नव्हतास. आर्डिथ ऐकेल, तू लिही, आणि कोणी ऐकलं तेही लिही. मात्र वर उभा राहून तीन लिहिलं असतंस ना, तर रॉकेट देवदूतांनी हातावर झेलून आणून दिलं असतं तरी मी सही केली नसती."

"तुला कळलं असतं?"

"दुर्बीण कशाला आहे? ती दोन म्हणाली ते मला दिसलं."

पुन्हा सगळं बांधून पॅडवर जायला सव्वातीन झाले. वारा दक्षिणेकडून वाढत चालला होता. डेल्बर्टने पहिलं बटण फिरवलं आणि खाली बघितलं. आर्डिथने तीन बोटं वर केली. दुसरं फिरवलं. तिने डोळे मिटले, बराच वेळ घेतला, आणि मग तिने तीन बोटं वर केली. उगाच वेळ लावलास, असं तो तिला नंतर म्हणाला. नीट ऐकायचं तर दोन फेऱ्या ऐकाव्या लागतात, असं ती म्हणाली.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी रॉकेट गेलं. आधी ते दिसलं आणि मग त्याचा आवाज आला, आणि हा आवाज असा होता की तो डेल्बर्टला कानांनी ऐकावा लागला नाही, छातीतच आला. पिवळा ठिपका झाला, मग तोही गेला, नुसती धुराची रेघ राहिली. चाळीस माणसं माना वर करून उभी होती. डेल्बर्ट पावलं मोजल्यासारखा पुटपुटत होता. मग ध्वनिक्षेपकावरचा माणूस नेहमीच्या कंटाळलेल्या सुरात म्हणाला की लहान पॅराशूट दिसतंय. थोड्या वेळाने, तितक्याच कंटाळ्याने, मोठंही दिसतंय म्हणाला. डेल्बर्टचे डोळे भरून आले. आर्डिथने त्याच्या हातात क्रोशाची पिशवी दिली, कारण तिला रुमाल सापडला नाही.

वाऱ्याने रॉकेट उत्तरेला नेलं आणि पलीकडच्या ज्वारीत टाकलं. ज्वारी कमरेएवढी होती, कापणीला आलेली, लाल कणसांची, शंभर एकर. जागा दाखवणारं यंत्र ज्वारीच्या बांधापर्यंत घेऊन गेलं आणि तिथे स्वतःच हरवलं. अंधार पडायच्या आत रॉकेट हार्लनपुढे गेलं नाही तर दाखला नाही. डेल्बर्ट एका ओळीत घुसून निघाला, पन्नास पावलं गेला, परत फिरला, दुसऱ्या ओळीत घुसला. आर्डिथ बांधावरच उभी होती.

"पाय वाजवू नकोस जरा," ती म्हणाली.

तो थांबला. वाऱ्यात पानं सळसळत असणार, असं त्याला दिसत होतं. आर्डिथने मान एकीकडे कलती केली, मग दुसरीकडे, आणि मग सरळ ज्वारीत शिरली, उजवीकडे तिरकी, बाजारात ठरलेल्या दुकानात जावं तशी. डेल्बर्ट मागोमाग. दोनशे पावलांवर रॉकेट आडवं पडलं होतं, पॅराशूट कणसांवर पसरलेलं, शेपटीची पाती शाबूत, रंगावर एक ओरखडा.

डेल्बर्ट त्याच्याशेजारी गुडघ्यावर बसला. रॉकेट उतरलं की उंचीमापक आपण किती उंच गेलो ते बीप मोजून सांगत राहतो, एकेक आकडा करून. मंडळातले सगळे आपापल्या रॉकेटला कान लावून तो आकडा ऐकतात आणि ओरडून सांगतात. डेल्बर्ट आजवर फक्त मान हलवायचा, आणि खरा आकडा घरी जाऊन कॉम्प्युटरवर बघायचा.

"काही म्हणतंय का?" त्याने विचारलं.

आर्डिथ त्याच्याजवळ बसली. ऑर्गन शिकायला आलेल्या मुलांना ताल दाखवते तसा तिने त्याचा हात आपल्या मांडीवर पालथा घेतला आणि दोन बोटांनी त्यावर वाजवायला लागली. नऊ वेळा. थांबली. चार वेळा. थांबली. एकदा. मग तीन वेळा.

नऊ हजार चारशे तेरा फूट. तिने पुन्हा पहिल्यापासून वाजवलं, कारण रॉकेटने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं होतं.

हार्लनने रॉकेट वीस मिनिटं तपासलं. पाती हलवून बघितली, नळीत हात घातला, ओरखडा नखाने खरवडला आणि हा ज्वारीचा आहे, गारेचा नव्हे, असं नोंदवलं. मग सही केली. खाली 'ऐकणार' अशी एक ओळ त्याने स्वतःच आखली होती, तिथे आर्डिथची सही घेतली. उंची विचारली. आर्डिथने तोंड उघडायच्या आत डेल्बर्टने सांगितली.

घरी जाताना ट्रक डेल्बर्ट चालवत होता. रॉकेट मागे, दोन जुन्या रजयांवर. मंगळवारी साडेदहाला विचिटाला कानाच्या डॉक्टरकडे जायचंय, असं आर्डिथने सांगितलं. वेळ कधी घेतलीस, असं त्याने विचारलं. दर वर्षी घेते आणि दर वर्षी रद्द करते, असं ती म्हणाली. यंदाची रद्द करायची नाही, असं तो म्हणाला.

थोडं पुढे गेल्यावर तिने मागे वळून बघितलं.

"अरे, तू बटणं बंद केलीच नाहीस. अजून वाजतंय ते."

"राहू दे," डेल्बर्ट म्हणाला. "काय म्हणतंय?"

आकडा त्याला पाठ होता, आणि त्याला पाठ आहे हे तिला ठाऊक होतं. तिने हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि पहिल्यापासून वाजवायला सुरुवात केली.